नजराण्याचे रिव्हॉल्वर आणि नक्षीमागचा व्यवहार

१/
इतिहासाला वाहिलेल्या पानांवर सध्या एक छायाचित्र वारंवार फिरताना दिसते. मखमली अस्तराची पेटी, हस्तिदंती मूठ, नळीपासून चापापर्यंत कोरलेल्या वेली, मधूनच सोन्याची रेघ. खाली ठरलेला मजकूर असतो : ‘काय ती कारागिरी! असे रिव्हॉल्वर आता होणे नाही.’ शेकडो जण पसंती देतात आणि विषय तेथेच संपतो. आजचा धागा त्या अकाली संपणाऱ्या विषयाविरुद्ध आहे.

२/
प्रतिपादन आरंभीच स्पष्ट करतो. एकोणिसाव्या शतकातील नजराण्याचे नक्षीदार रिव्हॉल्वर हा एक ऐतिहासिक दस्तऐवज आहे; फक्त तो कागदाऐवजी पोलादावर लिहिलेला आहे. त्यात देणारा असतो, घेणारा असतो आणि दोघांमधला व्यवहार असतो. तो व्यवहार पुसून केवळ दागिना शिल्लक ठेवणारा संग्राहक, मग तो कितीही धनाढ्य आणि रसिक असो, इतिहासाचा रक्षक म्हणवून घेण्यास पात्र नाही.

३/
प्रथम वस्तू समजून घेऊ. कारखान्यातून निघालेले साधे रिव्हॉल्वर घ्यायचे, निष्णात कारागिराकडून हाताने कोरून घ्यायचे, साध्या लाकडी मुठीऐवजी हस्तिदंत बसवायचे, दारूची कुपी, गोळ्या ओतण्याचा साचा व टोप्यांची डबी यांसह पेटीत मांडायचे आणि मुठीच्या मागच्या पट्टीवर घेणाऱ्याचे नाव किंवा देणाऱ्याच्या शुभेच्छा कोरायच्या. हे झाले नजराण्याचे शस्त्र. वापरापेक्षा देण्यासाठीच ते घडवलेले असे.

४/
‘नजराणा’ हा शब्द मी जाणीवपूर्वक योजतो आहे. खिलत, सरपाव, मानाची तलवार ही परंपरा मराठी वाचकाला परकी नाही. दरबारात खिलत स्वीकारणे म्हणजे देणाऱ्याचे श्रेष्ठत्व मान्य करणे, हे आपले बखरकार जाणत होते. भेटवस्तूच्या पोटात राजकारण असते हे आपल्याला नव्याने शिकावे लागत नाही. मग अमेरिकन पेटीतील रिव्हॉल्वर समोर येताच ही समज कोठे जाते?

५/
आता या कथेचा नायक. सॅम्युएल कोल्ट, जन्म १८१४, हार्टफर्ड, कनेक्टिकट. कोवळ्या वयात, १८३० साली तो ‘कोर्व्हो’ नावाच्या जहाजावर चढला. जहाज निघाले होते आपल्या कलकत्त्याकडे. या प्रवासात जहाजाच्या चाकाची फिरून अडकण्याची रीत पाहून आपल्याला फिरत्या सिलिंडरची कल्पना सुचली आणि आपण तिचा लाकडी नमुना कोरला, अशी कथा पुढे प्रसिद्ध झाली. लाकडी नमुना आजही हार्टफर्डच्या वॉड्सवर्थ अ‍ॅथिनियम संग्रहालयात आहे.

६/
कथा मनोहर आहे. परंतु इलिशा कोलियर याने फिरत्या सिलिंडरच्या चकमकी पिस्तुलाचे पेटंट इंग्लंडमध्ये १८१८ सालीच घेतले होते. कोल्टची थोरवी कल्पना पहिल्यांदा सुचण्यात नव्हती. ती कल्पना यंत्रावर मोठ्या संख्येने घडवण्यात होती आणि त्याहून अधिक, ती विकण्यात होती. शस्त्राबरोबर कथाही विकावी लागते, हे त्याने फार लवकर ओळखले.

७/
आरंभ मात्र अपयशाचा. अमेरिकन पेटंट १८३६चे. पॅटरसन, न्यू जर्सी येथील कारखाना १८४२ साली बुडाला. मेक्सिको युद्धाने त्याला उठवले. कॅप्टन सॅम्युएल वॉकर याच्या सूचनांनुसार सुधारलेल्या १,००० रिव्हॉल्वरांची सरकारी मागणी आली, तेव्हा कोल्टकडे स्वतःचा कारखानाही नव्हता. ती व्हिटनीव्हिल येथे दुसऱ्याच्या कारखान्यात घडवावी लागली. कोल्टने एक जोडी खुद्द वॉकरला भेट पाठवली. ती हाती पडल्यावर थोड्याच दिवसांत, ऑक्टोबर १८४७मध्ये, वॉकर हुआमांत्लाच्या लढाईत मारला गेला.

८/
वॉकरची जोडी मुद्दाम सांगितली. प्रत्येक नजराणा म्हणजे लाच, असा सोपा निष्कर्ष मला काढायचा नाही. ज्याच्यामुळे बुडालेला धंदा तरला त्याला दिलेल्या भेटीत कृतज्ञता होती. पण कोणत्या भेटीत कृतज्ञता आणि कोणत्या भेटीत हिशेब, हे नक्षी पाहून ठरत नाही. त्यासाठी तारीख, नाव आणि त्या क्षणी देणाऱ्याला काय हवे होते, हे पाहावे लागते.

९/
पुढील दशकात हिशेब उघड दिसू लागतो. कनेक्टिकटच्या गव्हर्नरकडून कोल्टला मानद लष्करी पद मिळाले आणि तो ‘कर्नल कोल्ट’ झाला; रणांगण न पाहता. ‘कर्नल कोल्ट यांच्या शुभेच्छांसह’ या अर्थाचे शब्द मुठीच्या पट्टीवर कोरलेली रिव्हॉल्वरे अधिकारी, राजकारणी आणि राजे यांच्याकडे रवाना होऊ लागली. जॉर्ज कॅटलिनसारख्या चित्रकाराकडून त्याने आपली शस्त्रे दाखवणारी चित्रेही काढून घेतली. आज ज्याला आपण जाहिरातखाते म्हणतो, ते त्याच्याकडे कोरणी आणि कुंचल्याच्या रूपात होते.

१०/
१८५४ साल. कोल्टला आपल्या पेटंटची मुदत आणखी वाढवून हवी होती. त्यासाठी वॉशिंग्टनमध्ये त्याच्या माणसांनी काय काय केले, याची चौकशी करायला प्रतिनिधिगृहाला समिती नेमावी लागली. मेजवान्यांबरोबर सुशोभित रिव्हॉल्वरे सभासदांना दिली गेल्याचे पुढे आले. एका सभासदाच्या शाळकरी वयाच्या मुलालाही एक मिळाले होते. मुदतवाढ मिळाली नाही आणि १८५७मध्ये पेटंट संपले. त्या खेपेतले एखादे रिव्हॉल्वर आज लिलावात आले, तर यादीत ‘उत्कृष्ट नक्षी’ एवढेच लिहून भागेल काय?

११/
आता सर्वांत बोलकी जोडी. कोल्टच्या ‘ड्रॅगून’ जातीची, सोन्याने मढवलेली, जॉर्ज वॉशिंग्टनची प्रतिमा असलेली दोन रिव्हॉल्वरे. अनुक्रमांक १२४०६ आणि १२४०७, एकामागोमाग एक. पहिले न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे आणि ते ऑटोमन सुलतान पहिला अब्दुलमजीद याला दिलेले, असे परंपरा सांगते. दुसरे कोल्टने रशियाचा झार पहिला निकोलस याला १८५४मध्ये दिले; ते सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे.

१२/
१८५४ हे वर्ष पुन्हा वाचा. ऑक्टोबर १८५३पासून हे दोन सम्राट एकमेकांशी युद्धात होते. क्रिमियाच्या त्या युद्धात पुढे लाखो माणसे मेली, त्यांतली बहुसंख्य रोगराईने. त्याच मार्च १८५४मध्ये सुलतानाच्या मित्रपक्षातील ब्रिटिश नौदलानेही कोल्टच्या ४,००० रिव्हॉल्वरांची मागणी नोंदवली. त्यासाठी त्याचा लंडनमधील पिम्लिको येथील कारखाना चालू होताच. एका जोडीचे दोन भाग, दोन शत्रूंच्या दरबारात आणि मध्ये उभा एकच विक्रेता.

१३/
स्वतंत्रपणे पाहिले तर ही दोन सुंदर शिल्पे आहेत. शेजारी ठेवून अनुक्रमांक वाचले तर तो शस्त्रव्यापाराच्या इतिहासातला एक साक्षीदार आहे. हा बदल नक्षीने घडवला नाही. पाच आकड्यांनी घडवला. आणि झीज लपवण्यासाठी घासताना, नव्याने झिलई देताना, सर्वांत आधी पुसट होतात ते असे बारीक आकडे आणि अक्षरे. संग्राहकाच्या हौसेची किंमत इतिहास कोठे मोजतो, ते येथे दिसते.

१४/
नवोदितांची एक नेहमीची गफलत येथेच दूर करू. कोल्टच्या सिलिंडरवर जे प्रसंगचित्र दिसते ते बहुधा हाताने कोरलेले नसते. ते कठीण पोलादी साच्याने दाबून फिरवून उमटवलेले असते. १८५१च्या ‘नेव्ही’ रिव्हॉल्वरवर टेक्सासच्या आरमाराची १६ मे १८४३ची लढाई आहे, ‘ड्रॅगून’वर रेंजर आणि कोमांची यांची चकमक, खिशातल्या रिव्हॉल्वरवर टपालगाडीवरचा दरोडा. हार्टफर्डमध्ये बनलेल्या ‘नेव्ही’ रिव्हॉल्वरांचीच संख्या दोन लाखांहून अधिक आहे. तेव्हा ‘हाताने कोरलेले दुर्मीळ रिव्हॉल्वर’ या मथळ्याखाली हे चित्र दिसले, तर लिहिणाऱ्याचे ज्ञान किंवा हेतू, दोहोंपैकी एक संशयास्पद आहे.

१५/
या साच्यांमागचा कारागीर वॉटरमन ऑर्म्सबी. त्याचा मूळ व्यवसाय बँकेच्या नोटांसाठी तांबे-पोलाद कोरण्याचा. खोट्या नोटा ओळखता याव्यात म्हणून ज्याने आयुष्य वेचले, त्याच माणसाची रेखाटने कोल्टने आपल्या शस्त्रांवर घेतली. नकली कोल्ट ओळखता यावे, हाही त्यामागचा एक व्यावहारिक हेतू. म्हणजे जिला आपण शोभा समजतो ती नक्षी कारखान्याची मोहोरही होती.

१६/
हाताने कोरणारे वेगळे, आणि त्यांची नावे आपण जवळजवळ कधीच घेत नाही. प्रशियातून स्थलांतरित झालेला गुस्टाव यंग १८५०च्या दशकात कोल्टसाठी आणि १८६९पासून स्मिथ अँड वेसनसाठी कोरत होता. वरील सुलतान-झार जोडी त्याच्याच हातची मानली जाते. न्यूयॉर्कमधला जर्मन कारागीर लुई निमश्के आपल्या कामाचे ठसे कागदावर घेऊन वहीत जपत असे. ती वही १९६५ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली आणि कितीतरी निनावी शस्त्रांना त्यांचा कर्ता मिळाला.

१७/
निमश्केच्या वहीचा धडा ध्यानात घ्या. शस्त्रांचा शोध कशाने लागला? शस्त्राबाहेरच्या कागदाने. मुठीवर राजाचे नाव असते, कंपनीचे नाव असते, पण महिनोन्महिने डोळे फोडून वेली कोरणारा माणूस पोलादावर बहुधा अदृश्य असतो. ‘काय ती कारागिरी’ म्हणणाऱ्यांनी निदान कारागिराचे नाव शोधण्याचे कष्ट घ्यावेत. नाही तर ते कौतुक कोणाचे?

१८/
बाजाराकडे वळू. मे २०२२मध्ये जनरल युलिसिस ग्रँट यांना दिलेली रेमिंग्टन रिव्हॉल्वरांची पेटीबंद जोडी अमेरिकेत लिलावात ५१ लाख ७० हजार डॉलरना गेली. नक्षी निमश्केची. त्याआधी ऑगस्ट २०२१मध्ये, पॅट गॅरेटने १८८१ साली ज्या रिव्हॉल्वरने ‘बिली द किड’ला ठार केले ते ६० लाख डॉलरहून अधिक किमतीला विकले गेले. त्यावर नक्षी नाही. १८७३ साली व्हर्लेन या कवीने रँबो या कवीवर ज्या रिव्हॉल्वरने गोळी झाडली, तेही साधेच. २०१६मध्ये पॅरिसला त्याचे सुमारे ४ लाख ३५ हजार युरो आले.

१९/
निष्कर्ष स्वच्छ आहे. बाजार स्वतःच कबूल करतो की किंमत नक्षीला नसून सिद्ध करता येणाऱ्या कथेला आहे. पण येथेच विष आहे. कथेला किंमत आली की खोट्या कथा तयार होतात. साध्या रिव्हॉल्वरवर नव्याने वेली कोरायच्या, पट्टीवर एखाद्या सेनापतीचे नाव टाकायचे, दुसऱ्याच शस्त्राच्या पेटीत ते बसवायचे, आणि ‘घराण्यातून आलेले’ असे सांगायचे. पोलाद खरोखर जुने असते. लबाडी फक्त वरच्या कणभर थरात असते.

२०/
आणि पडताळायचे कशाशी? ५ फेब्रुवारी १८६४ रोजी हार्टफर्डच्या कोल्ट कारखान्याला भीषण आग लागली. टोपीच्या काळातील शस्त्रांच्या नोंदी आज त्रुटितच सापडतात. म्हणून जाणकार पोलादच वाचतात : गंजाच्या खड्ड्यांवरून कोरणीची रेघ गेली आहे का? गेली असेल तर नक्षी गंजानंतरची. कोपरे गोलावले आहेत का? असतील तर शस्त्र घासलेले. झीज सर्वत्र सारखी आहे, पण नक्षीच्या कडा मात्र तीक्ष्ण आहेत का? निरनिराळ्या भागांवरचे अनुक्रमांक जुळतात का?

२१/
आता विरोधकांचे म्हणणे, आणि ते प्रामाणिकपणे मांडायला हवे. पहिला आक्षेप : ‘संग्राहक नसते तर यातले काहीच उरले नसते.’ अर्धे मान्य. कोल्टची विधवा एलिझाबेथ हिने जपलेला संग्रह १९०५ साली वॉड्सवर्थ अ‍ॅथिनियमला दिला म्हणून आज तो कोणालाही पाहता येतो. मेट्रोपॉलिटनमधील रिव्हॉल्वरही खासगी संग्राहकांनी दिलेले दान आहे. पण या उदाहरणांत काय झाले ते पाहा : वस्तू खुली झाली आणि तिची ओळख तिच्याबरोबर गेली. माझा रोख तिजोरीकडे आहे, जतनाकडे नाही.

२२/
दुसरा आक्षेप : ‘कला ही कला आहे, तिच्यात राजकारण कशाला?’ कारण तिच्या निर्मात्यानेच ते घातले आहे. वॉशिंग्टनची प्रतिमा झारच्या हाती देणे हे अलंकरण नव्हे. एका प्रजासत्ताकाच्या कारखानदाराने निरंकुश सम्राटासमोर मांडलेला विक्रीप्रस्ताव होता. तो अर्थ काढून टाकला तर कलाही अर्धीच समजते. ताम्रपटाचे अक्षर वळणदार आहे म्हणून आपण दानाचा मजकूर वाचायचे सोडतो काय?

२३/
तिसरा आक्षेप उलट्या बाजूचा : ‘ही माणसे मारण्याची साधने, त्यांचे जतन तरी का?’ या भावनेचा मी आदर करतो. परंतु वितळवलेले शस्त्र कोणाविरुद्धही साक्ष देत नाही. कोणी कोणाला काय देऊन काय मिळवले, हे विसरायला लावण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे पुरावा नाहीसा करणे. शस्त्रव्यापाराचा ज्याला तिरस्कार वाटतो, त्याला तर हे नजराणे अधिकच जपावेसे वाटले पाहिजेत.

२४/
आता आपल्या अंगणात या. नोव्हेंबर १८७५मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स मुंबईत उतरला. हिंदुस्थानभरच्या संस्थानिकांनी त्याला रत्नजडित शस्त्रे नजर केली. कोल्हापूरच्या अल्पवयीन छत्रपतींकडून गेलेली तलवार, जिला आपण ‘जगदंबा’ म्हणून ओळखतो, ती आज ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात आहे. त्या तलवारीबद्दल बोलताना कोणताही मराठी माणूस पहिला प्रश्न हाच विचारतो : तो नजराणा खरोखर स्वेच्छेचा होता का?

२५/
प्रश्न अत्यंत रास्त आहे. संस्थानिकांकडून शस्त्रांचे नजराणे स्वीकारल्यावर अवघ्या तीन वर्षांत, १८७८मध्ये, लिटनच्या सरकारने शस्त्रकायदा आणला. हिंदी माणसाला परवान्याशिवाय शस्त्र बाळगणे गुन्हा ठरले आणि युरोपियनांना त्यातून सूट मिळाली. एकाच सत्तेच्या हाती नजराणा घेणे आणि शस्त्र काढून घेणे, दोन्ही होते. आपल्या तलवारीला जो प्रश्न आपण विचारतो, तोच कोल्टच्या रिव्हॉल्वरला विचारा. निकष घरासाठी एक आणि काचेच्या कपाटातल्या परदेशी वस्तूसाठी दुसरा, असे चालणार नाही.

२६/
एक व्यावहारिक इशारा. परदेशी चित्रफिती पाहून अनेक तरुण संग्रहाची स्वप्ने रंगवतात. अमेरिकेच्या संघीय कायद्यात १८९८पर्यंत बनलेली शस्त्रे सर्वसाधारणपणे पुरातन मानून सूट मिळते. आपल्याकडे तसे नाही. १९५९च्या शस्त्र अधिनियमातील सूट, दुरुस्त करूनही जे झाडता येणार नाही अशाच कालबाह्य वा पुरातन शस्त्राला आहे. १९७२च्या पुरावस्तू कायद्याखाली शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. हस्तिदंताचे निर्बंध आणखी वेगळे. ‘आजोबांचे आहे’ हे कायद्यापुढे उत्तर नव्हे.

२७/
मग तरुण इतिहासप्रेमीने करावे काय? असे छायाचित्र दिसले की पाच प्रश्न विचारावेत. कोणी दिले? कोणाला? कोणत्या साली, आणि त्या साली देणाऱ्याला काय हवे होते? कोरणारा कोण? आणि हे सारे सांगणारा, विक्रेत्याहून वेगळा, असा कागद कोणता? पाचांपैकी तीनांची उत्तरे नसतील तर ‘अमुक सेनापतीचे रिव्हॉल्वर’ असा मथळा पुढे पाठवू नये. एवढ्या संयमानेही बनावट कथांचा बाजार थोडा मंदावेल.

२८/
आणि घरात, वाड्यात, कोणाच्या माळ्यावर एखादे जुने शस्त्र निघाले तर त्याला चिंच, लिंबू, वाळूकागद लावू नका. नव्याने झिलई देऊ नका. प्रथम कायदेशीर स्थिती पाहा. मग जुना परवाना, पत्र, पावती, पेटीतली चिठ्ठी, जे सापडेल ते शस्त्राबरोबर ठेवा, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांची आठवण त्यांच्या शब्दांत, तारखेसह लिहून काढा. कोल्टची रिव्हॉल्वरे हजारोंनी उरली आहेत. त्यांच्यासोबतचे कागद मात्र फार थोडे उरले आहेत, आणि ते पुन्हा कोणत्याही कारखान्यात घडवता येणार नाहीत.

धागा समाप्त. मतभेद असतील तर अवश्य मांडा; फक्त पुराव्यासह.